दोन दारांचा हवेचा तंबू

रविवारी सकाळी बाबासो कुरणे राजारामपुरीतल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये फरशीवर उताणा पडला होता आणि त्याची बायको रूपाली त्याच्या अंगाला टेप लावत होती. आधी तिनं लांबी घेतली, मग रुंदी घेतली, आणि मग त्याला कुशीवर वळायला सांगून पुन्हा रुंदी घेतली. कुशीवर माणूस कमी जागा घेतो असा तिचा अंदाज होता. बाबासोच्या बाबतीत तो साफ चुकला, कारण पाटबंधारे खात्यातल्या बैठ्या नोकरीनं त्याला सगळ्या बाजूंनी सारखाच करून सोडला होता.

"उठू काय आता?" बाबासोनं विचारलं.

"थांबा जरा. आण्णांचं माप बी तुमच्यावरनंच काढते. ते तुमच्यापेक्षा चार बोटं जास्त असतील."

आण्णांचं नाव निघाल्याबरोबर बाबासो उठून बसला.

आण्णा म्हणजे आकाराम, बाबासोचा थोरला भाऊ. कुरुंदवाडला राहायचा, ऊस आणि म्हशी बघायचा. दोघा भावांचं चार वर्षं बोलणं नव्हतं आणि त्याला कारण मटण होतं. बाबासोचा मुलगा संघर्ष दहावी पास झाला तेव्हा बाबासोनं बिल्डिंगच्या गच्चीवर जेवण घातलं होतं. आकारामच्या सासरची माणसं एस.टी. चुकल्यामुळं उशिरा पोचली, शेवटच्या पंगतीला बसली आणि त्यांच्या ताटात नुसता रस्सा पडला. तुकडा एकाच्याही ताटात नाही. हे मुद्दाम केलंय असं आकारामच्या डोक्यानं घेतलं. या दारात पुन्हा पाणीसुद्धा पिणार नाही, असं तो चारचौघांत बोलला. बाबासोही तापला आणि तुझ्या दारात तरी कोण येतंय, असं बोलून बसला. तेव्हापासून दोघांनी आपापला शब्द असा जपला होता, की एवढ्या निष्ठेनं दुसरं काही जपलं असतं तर दोघांचंही भलं झालं असतं.

यात हाल झाले ते आई यल्लव्वाचे. ती राहायची थोरल्याकडं, पण अधूनमधून धाकट्याकडंही यायची. आकाराम तिला कुरुंदवाडच्या स्टँडवर गाडीत बसवून द्यायचा आणि बाबासो कोल्हापूरच्या स्टँडवर उतरवून घ्यायचा. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, ती गाडीतून उतरली ती तोंड पाडूनच. घरी आल्यावर चहाची कपबशी बाजूला सारून म्हणाली, "पार्सल झालोय मी. ह्यानं टाकायचं, त्यानं सोडवून घ्यायचं. माझी दोन्ही पोरं माझ्या दोन अंगाला निजल्याली एकदा बघायची हायती मला. छप्पर कुणाचं बी असू द्या."

कुणाचंही छप्पर चालणार असलं तरी भावांना एकमेकांचं चालणार नव्हतं. लॉजवर जायला आकाराम तयार नव्हता. गावात काय म्हणतील, घर असताना लॉजात कशाला गेले. मग रूपालीला तंबू सुचला. ती शाळेत शिक्षिका होती आणि मुलींची गाईडची शिबिरं घेऊन तिला तंबूत राहायची सवय होती. राधानगरीच्या बाजूला, धरणाच्या काठी तिच्या एका मैत्रिणीचं शेत होतं. तिथं तंबू टाकायचा आणि दोन्ही घरांनी एक मुक्काम करायचा. तंबू कुणाचं घर नव्हे, त्यामुळं कुणाचा शब्द मोडत नाही. अडचण एकच होती. गाईडच्या तंबूत रांगत शिरावं लागतं आणि यल्लव्वाच्या गुडघ्यांना रांगणं जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा उभ्यानं आत जाता येईल आणि दोन्ही घरं मावतील, असा तंबू शोधायचा होता.

असा तंबू राजारामपुरीतच विजयसिंहच्या दुकानात होता. विजयसिंह मूळचा शिवाजी पेठेतला, एके काळचा नावाजलेला फुटबॉल खेळाडू. दुकानात बूट, चेंडू, शटलकॉक आणि ट्रेकिंगच्या बॅगा विकायचा. नुकताच त्यानं मुंबईहून एक्स्पोर्टचा माल आणला होता आणि त्यात हवा भरायचे तंबू होते. याला काठ्या नाहीत, बांबू नाहीत. बरगड्यांसारख्या जाड नळ्या, पायपंपानं त्यात हवा भरायची, की तंबू आपोआप उभा.

पहिला तंबू आठ माणसांचा होता. खोक्यावर चित्र होतं, आठ माणसं हात अंगाला चिकटवून पेन्सिलींसारखी ओळीनं झोपलेली. बाबासो त्या चित्राकडं बराच वेळ बघत राहिला.

"ही माणसं कुशीवर वळत न्हाईत काय?"

"वळत असतील की," विजयसिंह म्हणाला. "पर सगळी एकदम वळत असतील. शिस्तीची माणसं ती."

आपल्या घरातली माणसं एकदम वळणार नाहीत, याची बाबासोला खात्री होती. मग विजयसिंहनं दुसरं खोकं काढलं. हा तंबू त्याहून मोठा, निळा आणि नारिंगी, आत दोन खोल्या, मध्ये पडदा. प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार आणि दाराला चेन. बाबासोला हा तंबू बघताक्षणी आवडला. एका खोलीत आकाराम, एका खोलीत आपण, मध्ये पडदा. तोंड दिसायचं नाही आणि मुक्कामही होईल.

"मग आत्ती कुठं झोपणार?" रूपालीनं विचारलं. "दोन पोरांच्या मधी म्हणजे बरोबर पडद्यावर."

शेवटी आकारामचंही मत घ्यावं असं ठरलं. मत घ्यायचं म्हणजे रूपालीनं आकारामच्या बायकोला, शालूबाईला, फोन करायचा आणि तिनं ते नवऱ्याच्या कानावर घालायचं. आकारामला पडदा मुळीच नको होता. पण बाबासोला पाहिजे असेल तर असू दे बापडा, असं तो म्हणाला. शालूबाईनं ते आटपशीर करून कळवलं, की ह्यांचं म्हणणं पडदा असू दे. बाबासोच्या मनाला ते लागलं. भावाला आपलं तोंड बघायचं नाही तर न बघू दे. त्यानं उलट निरोप धाडला, की पडद्याशिवाय आपणही येणार नाही. हे ऐकून आकाराम तिकडं दिवसभर म्हशींवर खेकसत राहिला. अशा रीतीनं दोघांनाही नको असलेला पडदा दोघांच्याही आग्रहानं नक्की झाला.

यल्लव्वाला मात्र आधी तंबू डोळ्यांनी बघायचा होता. फुगवून दाखवल्याशिवाय घेऊ नका, असं तिनं बजावलं. दुकानात तर तो मावणार नव्हता. विजयसिंह म्हणाला, शनिवारी दुपारी पेठेतल्या मैदानावर या, मी फुगवून दाखवतो.

शनिवारी आकाराम आणि शालूबाई कुरुंदवाडहून थेट मैदानावर आले. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, हातात पिशवी घेऊन आकाराम एका टोकाला उभा राहिला, बाबासो दुसऱ्या टोकाला. मैदानाच्या मध्यभागी दोन तालमींच्या पोरांचा फुटबॉलचा सराव सामना चालला होता, लाल बनियनवाले आणि हिरवे बनियनवाले. विजयसिंहनं कडेच्या रिकाम्या जागेत तंबू अंथरला आणि पायपंप पुढं ठेवला.

पंप मारायला बाबासो पुढं झाला. बराच वेळ मारूनही तंबू नुसता जमिनीवर कुरकुरत राहिला. आकाराम लांबूनच विजयसिंहला म्हणाला, "पावणं, त्यांना म्हणावं बाजूला व्हा. ऑफिसातल्या पायाचं काम न्हाय ते." मग तो स्वतः आला आणि शेतकऱ्याच्या पायानं असा पंप मारला, की नळ्या ताठ होत गेल्या आणि निळा-नारिंगी तंबू डोळ्यांदेखत उभा राहिला. बाबासोला कौतुक वाटलं, पण ते त्यानं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

जमीन मात्र दगडासारखी टणक. खुंटी ठोकली तर वाकायची. विजयसिंह म्हणाला, थोडा वेळ तर बघायचाय, दोघं दोन बाजूच्या दोऱ्या धरा. एक दोरी आकारामनं धरली, समोरच्या बाजूची बाबासोनं. यल्लव्वा मान न वाकवता आत गेली, हात वर करून छत चाचपलं आणि खूश झाली. मग तिनं आतून फर्मावलं, की दार लावून घ्या, निजल्यावर गुदमरतंय का ते मी बघतो. विजयसिंहनं पुढच्या दाराची चेन ओढली. रूपाली आणि शालूबाई कडेच्या भडंगवाल्याकडं गेल्या. दोन दोऱ्यांना दोन भाऊ आणि मध्ये विजयसिंह एवढेच तिथं उरले.

"पावणं," आकाराम म्हणाला, "तेवढा पडदा काढून ठेवता येतोय काय बघा. काही माणसांना लागतोय, आमाला न्हाय लागत."

बाबासोला काही कळेना. "विजयसिंह, पडदा त्यांनीच मागितलाय म्हणून सांगा. आणि त्यांचं घोरणं ऐकून म्हशी उठून बसतात, म्हणून आम्ही बी हो म्हटलं."

"म्हशी कधी बघितल्या ह्यांनी?" आकारामनं हात नाचवायला दोरी सोडली. "चार वरसं झाली, गोठ्यात पाय न्हाय ह्यांचा."

बाबासोनंही दोरी सोडली. आकारामनं आपली धरलेली असणार, असं त्यानं गृहीत धरलं होतं. आकारामनंही बाबासोबद्दल तेच धरलं होतं. "मला बोलावलं कुणी? एक निरोप तरी?"

"घरच्या माणसाला बोलवाय लागतंय व्हय रं?"

हे वाक्य आकारामनं विजयसिंहकडं बघून म्हटलं नव्हतं. ते सरळ बाबासोला म्हटलं होतं, आणि हे बाबासोच्या लक्षात आलं. काहीतरी उत्तर द्यावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तोच रंकाळ्याच्या बाजूनं वाऱ्याचा एक मोठा झोत आला. तंबू एका अंगानं उचलला गेला, जरासा डुलला, आणि चालायला लागला.

"अव्वा," दोघं भाऊ एकदम म्हणाले.

तंबू आधी घसरत गेला, मग कलंडला आणि मग सरळ लोळायलाच लागला. दोघे मागून पळाले. आकारामची टोपी उडाली, पिशवी पडली, मग एक चप्पल गेली. बाबासो शाळेनंतर कधी धावला नव्हता. पण आपली आई त्या निळ्या-नारिंगी गोळ्यात खालवर होत असणार, एवढं एकच चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्या चित्रानं तो आकारामच्या पुढं निघून गेला. तंबू सामन्याच्या मध्यात शिरला. पोरं दोन्ही बाजूंना पांगली. लाल बनियनच्या एका पोरानं नेमका तेव्हाच गोलकडं चेंडू मारला होता. चेंडू तंबूवर आपटला, तंबू गोलकीपरवर गेला, गोलकीपर खांबामागं पळाला, आणि तंबू चेंडूसकट गोलात जाऊन जाळीत अडकला.

लाल पोरं गोल म्हणून नाचायला लागली. हिरवी पोरं भांडायला धावली. त्या गर्दीतून वाट काढत आकाराम पुढच्या दाराची चेन उघडून आत घुसला. बाबासोनं दुसऱ्या दाराची चेन समजून हाताला लागलेली पट्टी जोरानं ओढली. ती चेन नव्हती, हवेचं बूच होतं. दार तसं उघडंच होतं, हे त्याला आत पडल्यावर कळलं, आणि तोवर एक दीर्घ सुस्कारा सोडून सगळा तंबू दोघांच्या अंगावर बसला.

आत गरम होतं आणि निळा अंधार होता. बाबासो चाचपडत पुढं सरकला, तर हाताला पडदा लागला आणि पडद्यापलीकडून दुसरा हात.

"अव्वा?" बाबासो म्हणाला.

"मी हाय," आकाराम म्हणाला. "अव्वा तुझ्या खोलीत न्हाय?"

"न्हाय. तुझ्या?"

"हितं मीच हाय नुसता."

मग आकारामचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता. "बाबू, वाटंत कुठं पडली म्हणायची रं? तिला काय झालं असंल तर मी घरी काय तोंड घेऊन जाऊ?"

चार वर्षांत कुणी त्याला बाबू म्हटलं नव्हतं. ऑफिसात तो साहेब होता, घरात अहो होता. त्यानं पडदा बाजूला ओढला आणि भावाचा हात धरला.

"तसं बोलू नगंस, आण्णा. दोरी मी सोडली."

"आधी मी सोडली."

"आणि त्या दिवशी मटण कमी पडलं, ते मुद्दाम न्हवतं. मी बी शेवटच्या पंगतीला होतो. माझ्या बी ताटात नुसता रस्साच होता."

आकाराम विचारात पडला. "तुझ्या बी?"

"गिळून उठलो बघ."

"मग त्याच वक्ताला सांगायचं न्हाईस व्हय? मी सासरच्या माणसांना मोठ्या तोंडानं सांगितलं असतं, की घरमालकाला बी मिळालं न्हाय. मान गेली नसती की माझी."

हे त्याला सांगावं असं बाबासोला चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटत होतं, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी तंबूवर बोटानं टकटक केली.

"कोण हाय रं आत?" यल्लव्वाचा आवाज होता.

दोघे एकमेकांना धरून, कापड उचलत बाहेर आले. यल्लव्वा भडंगाचा कागद हातात घेऊन उभी होती आणि तिच्या मागं रूपाली आणि शालूबाई हसू दाबत होत्या. आत उकडायला लागलं म्हणून ती कधीच मागच्या दारानं निघून त्या दोघींच्यात जाऊन बसली होती. तंबू जाताना तिनं बघितला होता. तिला वाटलं, वाऱ्यावर चालतो कसा तेही विजयसिंह दाखवतोय.

ती आणखी काही बोलणार होती, पण तिचं लक्ष मुलांच्या हातांकडं गेलं. ते अजून एकमेकांत होते. तिनं नजर दुसरीकडं वळवली आणि भडंग खात राहिली.

गोलाचा वाद मात्र पेटलाच होता. जुना खेळाडू म्हणून पोरांनी विजयसिंहला निवाडा करायला लावला, आणि शिट्टी वाजली नव्हती म्हणून त्यानं गोल दिला. नंतर तो तंबूकडं आला. तंबूला लाल माती लागली होती, चेंडूचा गोल ठसा उमटला होता, जाळीत अडकून एक कोपरा उसवला होता. आता हा नवा म्हणून कुणाला विकणार, असं त्यानं पडल्या आवाजात विचारलं. तंबू निवडायचं काम वाऱ्यानं उरकून टाकलं होतं. आम्हीच घेतो, असं दोघं भाऊ म्हणाले आणि घड्या घालायला बसले.

घड्या घालेपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. तंबू खोक्यात गेल्यावर आकारामनं ते उचलून खांद्यावर घेतलं आणि सहज म्हणाला, की हा माझ्याकडं असू दे, माझं घर मोठं आहे. बाबासो म्हणाला, की राधानगरीला जायचं ते कोल्हापूरहूनच, तेव्हा माझ्याकडं ठेवणं सोयीचं. आकाराम म्हणाला, की फ्लॅटात आधीच माणसं मावत नाहीत. बाबासो म्हणाला, की गोठ्याच्या माळ्यावर टाकून उंदरांना घालायचाय का. आवाज चढत गेले.

"पावणं," आकाराम विजयसिंहकडं वळला, "ह्यांना म्हणावं, थोरला मी हाय."

"त्यांना म्हणावं, निवडला मी."

यल्लव्वानं भडंगाचा कागद झटकला आणि पुढं आली. "तंबू कुरुंदवाडला जाऊ दे," ती म्हणाली. आकारामनं खोकं घट्ट धरलं. यल्लव्वानं वाकून पायपंप उचलला आणि बाबासोच्या हातात दिला. "आणि ह्यो राजारामपुरीत."

यात काही खोच आहे का, हे दोघांनीही आईच्या चेहऱ्यावर शोधून बघितलं. तिथं काही सापडलं नाही. मग आपल्याला निदान अर्धं तरी मिळालं, या समाधानात दोघं आपापल्या घरी गेले, आणि यल्लव्वा थोरल्याबरोबर कुरुंदवाडला गेली.

पुढच्या रविवारी दुपारी बाबासोच्या दाराची बेल वाजली. दार उघडलं तर आकाराम, सोबत शालूबाई आणि यल्लव्वा. आकारामच्या एका हातात दुधाची किटली होती. त्यानं दारातच उभं राहून घसा खाकरला.

"जेवायबिवाय आलो न्हाय," तो म्हणाला. "पंप न्यायला आलोय. उसवलेला कोपरा शिवून घेतलाय, फुगवून बघायचा हाय."

रूपालीनं पाणी आणलं. आकारामनं तांब्या घेतला, गटागटा प्याला, आणि तांब्या परत देईपर्यंत तो आत हॉलमध्ये येऊन बसलेला होता. मग ताटं झाली. पहिलं ताट त्याला वाढलं आणि रूपालीनं त्यात एवढे तुकडे घातले, की रस्सा दिसेना. जेवण झालं, पान झालं, झोप झाली. घोरणं खालच्या मजल्यापर्यंत गेलं. उन्हं उतरल्यावर बाबासोनं माळ्यावरून पंप काढला, पुसला आणि म्हणाला, "तंबू घेऊन आला असतास तर हितं गच्चीवरच फुगवून बघितला असता की. तुझी खेप वाचली असती."

आकारामनं पायात चपला सरकवल्या. पंपाकडं त्यानं बघितलंही नाही.

"असू दे तो हितंच," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी तूच घेऊन ये."